त्यांना बँजो हवा होता, मी बेंजो नेला

घाटंजीच्या स्टँडवर कंडक्टरनं चादरीतलं गाठोडं चाचपून विचारलं, "काय व, टाइपरायटर नेऊन राह्यली का?"

"बेंजो हाय तो," बाबा अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असे बोलले. "माही पोरगी पुण्याच्या बँडमंदी वाजवनार हाय."

बटणं दाबून तारा वाजवायचा तो बेंजो बाबांनी जन्मभर लग्नांत वाजवला. घरात एवढा एकच. मी नको म्हणत होते. "डीजेपुढं माहं कोन ऐकून राह्यलं? तू घेऊन जाय," म्हणाले.

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, चूक माझीच. 'प्रोग्रेसिव्ह ब्लूग्रास बँडला बँजोवादक हवा' अशी जाहिरात होती. आपल्याकडे बेंजो म्हणजे बेंजो. त्यांचा निघाला अमेरिकन. गोल, डफासारखा मढवलेला, लांब दांडीचा. पुण्यात तालमीच्या खोलीत मी गाठोडं सोडलं आणि अख्खी खोली हसली.

ब्लूग्रास हे तिकडच्या डोंगरातल्या खेड्यांचं तारांचं संगीत. पुढच्या पोरांनी त्यात ड्रम आणले, विजेचं गिटार आणलं, जॅझ घुसवलं, एकेक गाणं मनाला येईल तितकं लांबवलं. जुन्यांनी नाकं मुरडली तरी थांबले नाहीत. ते प्रोग्रेसिव्ह. मी चळवळीची पत्रकं लिहिते, त्यांत या शब्दाला आम्ही पुरोगामी म्हणतो. म्हणून बँडवाले "ट्राय करू" म्हणाले, तेव्हा मी विश्वास ठेवला.

तीन आठवडे ट्राय केलं. गाण्यात कॉर्ड, म्हणजे साथीचे सूर, बदलले की बेंजोच्या मागे एकाच सुरात घुमत राहणाऱ्या तारा बेसूर व्हायच्या. मी त्या काढून टाकल्या. बाबांनी हातानं बसवलेल्या तारा, मी पकडीनं तोडल्या. तरी मँडोलिनवाला म्हणालाच, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण वरातीसारखं वाटतं गं."

"तुम्हाला ड्रम चालतो, विजेचं गिटार चालतं, मग वरातीनं काय घोडं मारलंय?"

या वेळी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बँडच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. खेडी यांना आवडतात, फक्त ती अमेरिकेतली असावी लागतात.

आता मी मोबाईलची कव्हरं विकते. बाबांनी तिकडे लग्नांत वाजवणारी आपली बेंजो पार्टी मोडली, आणि पोरगी पुण्यात वाजवते म्हणून बाजारभर सांगत फिरतात. दर रविवारी फोन येतो. "बाई, देतेत ना व तुले वाजवू?"

"देतात, बाबा."

बेंजो परत पाठवला तर तोडलेल्या तारा त्यांना दिसतील. ठेवून घेतला तर त्यांचे हात रिकामे. खाटेखाली तो गंजतोय आणि मला काही सुचत नाही. दिवाळीला सुट्टी नाही म्हणून सांगितलं. सुट्टी होती. घर म्हणजे आता ती एकच जागा, जिथे पाय धुऊन आत गेले की बाबा समोर बसून म्हणतील, "हं, वाजव."