तोंड आधी, आवाज मागून

भिंतीवर ठोकलेल्या टीव्हीच्या मागे ज्याने कधी हात घालून पाहिला नाही, त्याने मला संयम शिकवायला येऊ नये. मारतहळ्ळीच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाने टीव्ही भिंतीला असा चिकटवलाय की मागे पोळीसुद्धा सरकणार नाही. आणि वायरी खोचायची सगळी सॉकेटं नेमकी मागे.

हा खटाटोप आईसाठी चालला होता. ती नागपूरहून माझ्याकडे आली होती, पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. निदान मी तरी तसं धरून चालले होते. मी दिवसभर लॅपटॉपसमोर. लिफ्टमध्ये तेलुगू, दुकानात कन्नड, शेजारी तमिळ. तिची मराठी माणसं म्हणजे संध्याकाळच्या मालिकेतली. पण आठवडाही झाला नसेल, तर म्हणाली, "माझं तिकीट काढून दे. तुझ्या टीव्हीतलं काही समजूनच नाही राहिलं. नुसती बसून काय करू मी इथं?"

मला ती हवी होती. कित्येक वर्षांत माझ्यासाठी कुणी जेवायला थांबलं नव्हतं. तिकीट काढायचा प्रश्नच नव्हता. या चपट्या टीव्हींचा आवाज भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्यासारखा येतो, दोष त्याचाच, असं मी ठरवून टाकलं आणि त्याच दिवशी साउंडबार मागवला.

खोक्यातल्या कागदावर एक हसरी बाई दोन बोटांनी वायर खोचत होती. तिच्याकडचा टीव्ही हवेत तरंगत असावा. मी मोबाइलचा टॉर्च दातांत धरला, मनगट खरचटून घेतलं, आणि वायर एकदाची आत गेली. आवाज नाही. मग कळलं की दिसायला सारखी तीन सॉकेटं असली, तरी साउंडबारला आवाज त्यातल्या एकाच सॉकेटातून मिळतो. आणि ते सॉकेट भिंतीवरच्या लोखंडी पट्टीआड दडलेलं. घरमालकाला फोन केला, तर म्हणाला टीव्ही काढायचा नाही, भिंत खराब होते.

शेवटी वायरीचा नाद सोडून ब्लूटूथने जोडला. आवाज खणखणीत आला. मी कौतुकाची वाट बघत उभी. आईने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यांचं तोंड आधी हलते, अन् आवाज मागून येते."

फरक होता, पण पापणी लवेल इतकाच. "इतकं बारीक कोण बघतं, आई?"

"मी पाहते नं."

तिला हे आधीपासूनच खुपायचं. दुसऱ्या भाषेतून आणलेली जाहिरात लागली की ती तोंड फिरवायची. "लबाड बोलून राहिली ही बाई," म्हणायची. मला हसू यायचं.

सेटिंगमध्ये आवाज मागेपुढे करायची एक पट्टी सापडली. मी हर्षभराने ती सरकवली, तर आवाज आणखी उशिरा यायला लागला. ती पट्टी फक्त उशीर वाढवायची, कमी करायची नाही. अशी सोय कुणी मागितली होती, देव जाणे.

मग मेकॅनिक बोलावला. त्यानेही टीव्हीमागे हात घातला, हात झटकला, आणि साउंडबार पुन्हा ब्लूटूथवर आणून ठेवला. "स्वल्प डिले इरुत्ते मॅडम. अडजस्ट माडि." थोडा उशीर असतोच, चालवून घ्या म्हणे. माझ्या आईला समजत नाही हो, असं मी हिंदीत कळवळून सांगितलं. त्यावर त्याने आवाज वाढवला. खिडकीची काच थरथरली, आई दचकली, वरच्या मजल्यावरून कुणीतरी फरशीवर ठोकलं. तो पैसे घेऊन गेला.

माझं डोकं फिरलं. "एवढा मोठा केलाय आवाज, आता तरी नीट ऐक ना!" मी आईवर ओरडले.

"ओरडू नको," ती शांतपणे म्हणाली. "टीव्ही चांगलाच आहे. मीच जाते."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत चहा टाकला. तेवढ्यात बाहेरचा आवाज एकदम थांबला. टीव्ही बंद करून ती बॅग भरायला गेली असणार. कप घेऊन मी बाहेर आले.

टीव्ही चालू होता. आईच्या हातून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं असावं. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण होती. आई खुर्ची पार टीव्हीजवळ ओढून बसली होती. मालिकेतली सासू पडदाभर तोंड करून बोलत होती, आणि तिच्याबरोबर आईचेही ओठ किंचित हलत होते.

"आई," मी मागून म्हणाले. तिने वळून पाहिलं नाही. मी मोठ्याने हाक मारली. तरी नाही.

मी पुढे जाऊन उभी राहिले. तिचा चेहरा खुलला. "जमलं बघ तुला! आता बरोबर जुळून राहिलं. सून घर सोडून जाते म्हणते. सगळं समजलं मला." मग कप घेता घेता म्हणाली, "ते तिकिटाचं राहू दे आता."

मला रडू येत होतं, आणि तिचा भयंकर रागही. एका शब्दाने सांगितलं असतं तर? रिमोट तिच्या मांडीवर होता. मी त्याला हात लावला नाही.

ती नागपूरला असताना मी साधा फोन केला की कधीच धड बोलायची नाही. "तोंड दिसते तो फोन कर," म्हणायची. मला वाटायचं, तिला मला बघावंसं वाटतं.