गच्चीवर काढलेला आईचा फोटो

इंदिरानगरात आमचा छोटा स्टुडिओ होता. रोलचा कॅमेरा जाऊन डिजिटल आला, तेव्हा आमच्या यांनी मला त्यातला आलेख वाचायला शिकवला. मी चौथी शिकलेली, पण ते काही अवघड नव्हतं. फोटो काढला की कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर डोंगरासारखी आकृती उमटायची. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. डोंगर उजव्या कडेला चिकटला की पांढरं जळालं समजायचं. "काळं थोडं उजळता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही," असं हे सांगायचे. एका लग्नात पाहुण्यांचे पांढरे सदरे जळाल्यावर बोलणी खाल्ली, तेव्हापासून त्यांनी ते पक्कं धरलं होतं.

माझी आई पेठकडच्या गावाहून आली होती. वडील गेल्यापासून ती पांढरंच नेसायची. वर्ण काळा, तुकतुकीत. यांनी तिला गच्चीवर उभं केलं. उन्हाळ्यासाठी गच्चीला चुना मारलेला, मागची भिंतही पांढरी. डोंगर उजवीकडे सरकला, तसा यांनी कॅमेऱ्यात उजेड कमी घेत तो मधोमध आणला. "आता बरोबर," म्हणाले. उन्हात पडद्यावरचं चित्र धड दिसत नव्हतं, म्हणून आलेखावरच भरवसा. सगळंच पांढरं असलं तर डोंगर उजवीकडेच राहू द्यायचा असतो, नाहीतर चेहरा काळोखात जातो, हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत?

खाली येऊन आईने फोटो पाहिला आणि हसत सुटली. "जावईबापू, पातळ माझंच हाय. आत कोण शिरलंय?"

"आई, परत काढू. चला वर."

"नाय बा. उन्हात उभी करून कोळसा केलात, आता राख करता का? यष्टी चुकंल माझी."

आम्हीही हसलो. पुढच्या खेपेला काढू म्हटलं.

पावसाळा सरल्यावर ती गेली. हार घालायला तिचा दुसरा फोटोच नव्हता. यांनी कॉम्प्युटरवर तोच उजळून पाहिला. चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे आले, रंग राखाडी झाला. भाऊ बघून म्हणाला, "ताई, ही आपली आय नाय वाटत." शेवटी होता तसाच मोठा करून दिला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी तर जपूनच काढला होता.

फोटोत पातळाची चुणी न् चुणी स्पष्ट आहे. आईचे डोळे कुठे आहेत ते मला माहीत आहे, म्हणून मला दिसतात. माझ्या मुलींना दिसत नाहीत.