भिंतीतलं चौकोनी भोक

मुरबाडच्या आमच्या कॉलेजची जुनी इमारत कॉलेजसाठी बांधलेली नव्हती, एवढं कुणालाही कळलं असतं. खिडक्या डोक्याच्याही वर, दार बैलगाडी आत जाईल एवढं रुंद. आणि आमचा वर्ग नि वाचनालय यांच्यामधल्या भिंतीत हातभर रुंदीचं चौकोनी भोक. कडा काळ्या, तेलकट. मुलं त्यातून पलीकडे चिठ्ठ्या सरकवायची. वाचनालयाच्या बाई चिडून त्यात रद्दी कोंबायच्या.

ही नव्वदीतली गोष्ट. शिपाईकाका म्हणायचे, इथे घोडे बांधायचे. मैत्रीण म्हणायची, तुरुंग होता. इतिहासाच्या सरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मलाच सांगितलं, "शोधून काढ." मी पंधरा दिवस विचारत फिरले, हाती काही लागलं नाही.

मग शिष्यवृत्तीच्या अर्जावर अंगठा द्यायला आई गावाहून आली. कॉलेजात पहिल्यांदाच. तिला ऑफिसबाहेर बसवून मी फॉर्म आणायला गेले. परतले तर आई जागेवर नव्हती. शोधत गेले, तर रिकाम्या वर्गात भोकापुढे उकिडवी बसलेली, रद्दी बाजूला काढून आत हात घातलेला.

"आई, काय करतेस?"

"पट्टा इथून जायचा गो."

"कसला पट्टा?"

"इंजिनाचा. इंजिन पलीकडं, भाताची गिरणी हिकडं. तू जिथं उभी हायस ना, तिथं आमी चौघीजणी तांदूळ पाखडायचो. लग्नाआधी."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"गिरणी मोडली आसं ऐकलं होतं. तिथंच तुझं कॉलेज हाय, मला काय माहीत? तुमीपण कुणी विचारलं नाय."

खरंच, गावभर विचारलं. आईला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

मी धावत सरांना बोलावून आणलं. त्यांनी वही काढली. खिडक्या एवढ्या उंच का? "कोंडा वरनं बाहेर जाया. तरी दिसभर शिंका यायच्या." बंद का पडली? "गावोगाव चक्क्या झाल्या, मग हितं कोण येतंय?" कुणी बांधली, ते मात्र तिला माहीत नव्हतं. तसं तिने सरळ सांगितलं.

मग तिनेच विचारलं, "सर, पलीकडं जाऊ का? इंजिनाच्या खोलीत बायांना सोडत नसत."

वाचनालयाच्या बाईंनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. कपाटांपुढून हळूहळू फिरली.

"यवढं समदं तुमी वाचता?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मग काय करता दिसभर?"

बाई हसल्या. सर हसले नाहीत.

दोनची एसटी चुकली. पुढची येईपर्यंत आई प्राण्यांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसली आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारत राहिली, हे काय खातं, हे कुठं राहतं. मला निम्म्यांचीही उत्तरं देता आली नाहीत.