झूल पांघरलेली मोटार

त्या मोटारीची आठवण आली की आजही आधी माझं डोकं तापतं आणि मग हसू आवरत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी भामरागडकडे नर्स होते. गोवराची लस आमच्या दवाखान्यात नुकतीच यायला लागली होती. पावसाळ्यात नाले भरले की रस्ते बंद, मग आम्हाला आधार पुरासाठी मिळालेल्या सरकारी बोटीचा. बोट पत्र्याची, तिच्या मागे लटकवलेली पेट्रोलची मोटार. ती चालवणारे भाऊ ढीवर, सारा जन्म डोंगा वल्हवण्यात गेलेला. पण मोटार हाती आल्यापासून ते वल्ह्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

नदीच्या वरच्या अंगाला माडिया आदिवासींचं एक गाव होतं. तिथल्या एका बाईची दोन लेकरं आदल्या उन्हाळ्यात गोवरानं गेली होती. तिसरं अंगावर पीत होतं. त्याला लस द्यायला मी तिला कशीबशी तयार केलं होतं. किती खेटे घातले, किती वेळा तिच्या अंगणात नुसती बसून आले! तिनं टोचून घेतलं तर बाकीच्या बाया घेणार होत्या. तिनं सांगितलं होतं, दुपारपर्यंत काठावर बसेन, मग डोंगरापलीकडे धानाच्या निंदणाला जाईन, आणि नंतर सुईचं नाव काढायचं नाही. त्यामुळे त्या दिवशी बर्फ भरलेली लसीची पेटी मांडीवर घेऊन मी उजाडताच निघाले.

सकाळी मोटार एका झटक्यात सुरू झाली. सकाळी ती गुणी पोरीसारखीच वागायची. भांडण दुपारचं. एकदा चालून तापली, कुठे थांबलो, की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. पोळा झाल्यापासून हेच चाललं होतं.

वाटेत एका गावी एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलायची होती. मी धावत गेले, धावत आले. भाऊंनी मोटार सुरू करायची दोरी ओढली. ती फुरफुरली आणि गप्प. पुन्हा ओढली. गप्प. भाऊंचा सदरा घामानं चिंब झाला. सगळीकडे पेट्रोलचा वास सुटला. मी पेटीचं झाकण किलकिलं करून पाहिलं. बर्फाचं निम्मं पाणी झालं होतं.

"भाऊ, काय करून राह्यले तुम्ही? लस मरून राह्यली इथी!"

"मी का खेळून राह्यलो का, बाई? थकली ते. बसू द्या तिले जराशीक."

असं म्हणून त्यांनी शेजारी काढून ठेवलेली झूल उचलली आणि मोटारीवर प्रेमानं पांघरली. बैलाची असते तशीच झूल, लाल कापडाची, आरसे लावलेली. पोळ्याला त्यांच्या बायकोनं शिवून दिली होती. घरी बैल नाही, तर आमचा बैल हाच, म्हणून भाऊंनी मोटारीला हळद लावली, पुरणपोळी दाखवली, आणि तेव्हापासून काठाला लागलं की पहिलं काम झूल घालायचं. मला कोण कौतुक त्याचं!

पण त्या दिवशी ती जाड झूल पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, रोज मी दुसरं काय करत होते? तापानं फणफणलेलं लेकरू गोधडीत गुंडाळून बाया आणायच्या आणि मी ओरडायचे, काढा ते आधी, ओल्या फडक्यानं पुसा!

"भाऊ, काढा ते झूल!"

"काऊन?"

"ताप आला तिले. तापलेल्याले कोणी पांघरूण घालते का?"

भाऊ रागावले. त्यांच्या बैलाचा मी अपमान केला होता. पण मी वाट पाहिली नाही, झूल ओढून बाजूला टाकली. मोटारीचं वरचं झाकण उचललं तर आतून अशी वाफ आली की मी मागे सरले. भाऊंनी पेट्रोलच्या नळीला हात लावला आणि चटकन काढला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तिथंच उतरला.

"बाई, पेट्रोल तं अंदरच उकळून राह्यलं!"

मग आमची जी धांदल उडाली! मी पदर खोचून ड्रेसिंगची फडकी नदीत बुडवून नळीवर, पेट्रोल खेचणाऱ्या छोट्या पंपावर ठेवायची, ती गरम झाली की दुसरी. भाऊंनी प्लग काढून पुसला. तो ओलाकच्च होता. सकाळच्या सवयीनं ते दर वेळी चोक ओढत होते, म्हणजे वरून आणखी पेट्रोल पाजत होते. "हे बी माह्यंच," असं पुटपुटत त्यांनी चोक आत ढकलला, नळीतला रबरी फुगा दाबून नवं गार पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली.

एकदा खोकली. दुसऱ्यांदा धडधडली आणि सुरूच झाली! मी बोटीत उभी राहून ओरडले. भाऊ म्हणाले, "बसा बाई, पडान!" आणि स्वतःच उठून नाचायला लागले.

गाव दिसलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काठावर कोणी नव्हतं. बाया टेकाडावरून चालल्या होत्या, पाठमोऱ्या, मुलं पाठीशी बांधलेली. मी हाका मारल्या, पण मोटारीच्या घरघरीत त्या मलाच ऐकू येईनात. तेवढ्यात सगळ्यात मागची बाई थांबली. वळली. तीच होती.

ती एकटीच खाली उतरली. मी पेटी उघडली. बर्फाचे चिल्लर तुकडे अजून पाण्यात खुळखुळत होते, पाणी बोटाला झोंबेल इतकं गार. लसीच्या कुप्या चाचपून पाहिल्या, त्याही गार होत्या, आणि मी सुईत लस भरली. सुई टोचली तसं लेकरू असं भोकाड पसरून रडलं की टेकाडावरच्या बायांनी माना वळवल्या.

तिनं त्याला छातीशी धरलं. मग मोडक्या मराठीत विचारलं, "आता राहील हा?"

"गोवर नाई नेणार त्याले," मी म्हणाले. तेवढंच माझ्या हातात होतं.

तिनं लेकराचे डोळे पुसले. मग टेकाडाकडे तोंड करून ती आपल्या बोलीत मोठ्यानं काहीतरी ओरडली, आणि बाया पाठीवरची लेकरं सोडत खाली यायला लागल्या.