उलटी टाचणी

टेलरकाकूंना गल्लीत कुणी नावानं ओळखत नसे. बाई तोंडानं फटकळ, पण हाताला सफाई अशी की कोटाची शिवण शोधावी लागे. साठी उलटल्यावर त्यांनी हंगेरियन शिकायला घेतलं, तेव्हा गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसली. काकूंनी एकेकाला फैलावर घेतलं.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मुलगा तिकडे नोकरीला गेला, तिथलीच बायको केली, त्यांना एक मुलगी झाली. फोनवर आजी-नातीच्या मध्ये तोच दुभाष्या. मागच्या हिवाळ्यात त्याची गाडी बर्फात अडकली आणि थंडीनं तो गेला. आता सून नातीला घेऊन भेटायला येणार होती. पोर एक शब्दही न बोलता परत गेली, तर ती कायमची परकी होणार. या धास्तीनं काकूंना अन्न गोड लागेना.

खालच्या मजल्यावरचे, काही वर्षं हंगेरीत काढलेले निवृत्त मास्तर त्यांना शिकवायचे.

"आपल्यासारखं क्रियापद शेवटीच हवं असं नाही," ते म्हणाले. "शब्द हलवता येतात. पण ज्याच्यावर जोर द्यायचा, तो क्रियापदाच्या लगेच आधी बसवायचा. आणि नुसतं 'फाझिक' म्हटलं तरी वाक्य पुरं: त्याला थंडी वाजतेय. 'तो' वेगळा सांगायलाच नको."

वही काकूंच्या हातात टिकेना. त्यांनी शब्द कापडाच्या चिंध्यांवर लिहिले आणि शिवणखोलीतल्या, कपडे चढवून बघायच्या पुतळ्याच्या छातीवर टाचले. ऑन्यॉ रुहात वॉर. आई कपडे शिवते.

सकाळी मधली चिंधी शेवटी गेलेली. ऑन्यॉ वॉर रुहात.

"याचा अर्थ, आईच शिवते. दुसरं कुणी नाही," मास्तर म्हणाले. "चांगली प्रगती आहे की!"

काकूंनी टाचणी निरखली. वारा चिंधी उडवेल, टाचणी काढून परत लावणार नाही. आणि लावली होती तीही उलटी, डोकं खाली, टोक वर. मुलगा लहानपणी अश्शीच लावायचा. काकूंच्या बोटाला टोचली की त्याच्या पाठीत धपाटा बसायचा.

त्यांनी खोलीला कुलूप घातलं. चिंध्या तरी हलतच राहिल्या. हलल्या की भीती वाटायची. एखाद्या दिवशी हलल्या नाहीत की त्याहून जास्त वाटायची.

सून आली. नात तिच्या कोटामागे लपून राहिली. पाठ केलेली सगळी वाक्यं ऐन वेळी पसार झाली, तेव्हा काकूंनी पोरीला शिवणखोलीत नेलं, पुतळ्याकडे बोट दाखवलं आणि सुचलं ते विचारलं, "कि वॉन इत्त?" इथे कोण आहे?

पोरीनं पुतळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ती हसली.

"ऑपॉ वॉन इत्त." इथे बाबा आहे.

हे समजायला काकूंना मास्तर लागले नाहीत.

"कसा आहेस रे?" त्यांच्या तोंडून आपल्याच भाषेत निघून गेलं.

पोरीनं कोपऱ्याकडे कान दिला, थोडी थांबली आणि आजीकडे वळली.

"फाझिक."

काकूंनी डोळे पुसले. कपाटातलं जाड लोकरी कापड काढून टेबलावर पसरलं आणि कोट बेतायला घेतला. माप घ्यायचं नव्हतंच, ते पाठ होतं. नात शेजारी येऊन कापडाला टाचण्या लावू लागली, सगळ्या उलट्या. काकूंच्या बोटाला रक्त आलं, पण त्या तिला ओरडल्या नाहीत.