पवारमामांची लाइन आणि आमचे दमलेले डोळे

केडगावला कंपनीच्या बसमध्ये चढलं की न्हावरा येईपर्यंत कुणीतरी पवारमामांचा एक किस्सा काढतंच. एकीनं काढला की दुसरीला दोन आठवतात. कंपनीचं गेट येतं, किस्से संपत नाहीत!

शिरूरकडच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकला लागणाऱ्या रबरी रिंगा बनतात. आम्ही बायका त्या दिवसभर दिव्याखाली धरून बघतो. चीर किंवा बुडबुडा दिसला की रिंग बाद. या कामाला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. आणि ते लक्ष सांभाळणारे आमचे सुपरवायझर म्हणजे राहू गावचे पवारमामा.

*

मामा सकाळीच सगळ्यांचे मोबाइल एका स्टीलच्या डब्यात घालून स्वतःजवळ ठेवतात. एकदा डबा वाजायला लागला, थांबेचना. शेवटी मामांनीच फोन उचलला. पलीकडे माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनंदाचा नवरा! "डाळीला शिट्ट्या किती?"

"तीन," मामा म्हणाले. "आन् हिंग इसरू नका. बाई कामात हाय!"

तेव्हापासून तो थेट मामांनाच फोन करतो. सुनंदा म्हणते, डाळ सुधारली!

*

पुण्याहून एक ट्रेनर आले होते. विषय होता, कामात लक्ष कसं टिकवावं. "एका वेळी एकच काम!" असं त्यांनी म्हटलं की त्यांचाच फोन वाजायचा, आणि दरवेळी ते "जस्ट अ मिनिट" म्हणून घ्यायचे.

असं बऱ्याचदा झाल्यावर मामा उठले. ट्रेनरपुढे डबा धरला.

ट्रेनरनी मुकाट्यानं फोन आत टाकला!

*

कधीकधी मामा मुद्दाम एक चिरलेली रिंग पास झालेल्यांत मिसळून पुन्हा बघायला देतात. कोण जागं आहे ते कळतं. एका दुपारी सुनंदा ओरडली, "मामा, सापडली तुमची!"

मामांचा चेहराच उतरला. "अगं, आज म्या टाकलीच न्हाई!"

सगळा माल थांबवला, पुन्हा तपासला. संध्याकाळी मामांच्या खर्चानं सुनंदाला वडापाव. आम्हाला वासावर भागवावं लागलं!

*

आता माझं. मुलगी तान्ही होती, रात्रभर जागरण. दुपारी रिंग हातात असायची आणि डोळे मिटायचे. मी परमनंट नव्हते, घरात पगार तेवढा माझाच. एक खराब रिंग माझ्या हातून सुटली असती तर नोकरी गेली असती. डोळ्यांवर पाणी मारून मारून मी ते लाल केले होते.

मामांनी बघितलं. "पोरी, दुपारी बैलबी सोडत्यात. तू तर बाळंतीण!"

त्या दिवसापासून सकाळी ताजी असताना मला तपासणी, दुपारी पॅकिंग. कुणाला सांगणं नाही, उपकार दाखवणं नाही. सख्ख्या मामानं तरी एवढं केलं असतं का, देव जाणे.

*

मग ऑडिट आलं. रिंगा घेणाऱ्या कंपनीचे एक अधिकारी येणार होते, आणि ते गेले की माझ्या परमनंटचं ठरणार होतं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी बजावलं, "आज एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये!"

नेमका आदल्या रात्री मुलीला ताप. दुपारी मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नेहमीसारखं पॅकिंगला धाडलं.

पाहुणे अधिकारी येऊन माझ्या रिकाम्या खुर्चीपाशीच थांबले. "इथं कोण बसतं?" मॅनेजरसाहेब पांढरेफटक. पॅकिंगच्या दारातून बघताना मला वाटलं, संपलं सगळं!

मामा म्हणाले, "तिचं डोळं दमल्यात, साहेब. दमलेल्या डोळ्यानं आम्ही ब्रेकची रिंग बघत न्हाई."

पाहुण्यांनी स्वतःचे डोळे चोळले. मग हळूच म्हणाले, "पहाटेपासून गाडीत आहे मी. माझेही दमलेत. थोडं टेकायला जागा मिळेल?"

मामांनी पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठे अंथरून दिले. पाहुणे आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. आवाज नको म्हणून साहेब बूट हातात घेऊन बाहेर फेऱ्या मारत होते!

पाहुणे उठले, तोंड धुतलं, चहा घेतला. त्यांनी माझा सकाळी तपासलेला ट्रे मागवला आणि एकेक रिंग दिव्याखाली धरून बघितली. एकही बाद निघाली नाही. मग साहेबांकडे वळले. "या ताई परमनंट आहेत ना?"

साहेबांच्या हातात बूट तसेच.

"हो, हो! आजपासूनच!"