रुळाकडचं वावर

आमचं वावर पांढुर्णा-तिगाव रुळाला अगदी लागून आहे, आणि मी रोज त्याच गाडीनं शाळेत जातो. या दोन गोष्टींनी माझं डोकं फिरवलं. वावर आलं की मी डब्यातल्या मास्तरमंडळींना हात करून दाखवायचो, "हे आपलं." गाडी तिथं थांबत नाही, झर्रकन पुढं जाते, याचं मला फार वाईट वाटायचं.

मी विज्ञान शिकवतो. कोरडवाहू वावरात कपाशीच्या ओळींमध्ये तूर का घ्यावी, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगतो. तुरीचं मूळ खोल जातं, पावसानं दडी मारली तरी ती तग धरते, एक पीक गेलं तर दुसरं हात देतं. हे ज्याला लिहिता येत नाही त्याचे मी मार्क कापतो.

माझ्या वावरात मात्र मला नुसती कपाशी हवी होती. गाडीतून ती कशी चोपून भांग पाडल्यासारखी दिसली पाहिजे! मध्ये तूर आली की वावर दाढी वाढल्यासारखं दिसतं, हे माझं शास्त्रीय मत.

बायको भडकली. तिच्या घशाखाली विकतची डाळ उतरत नाही. वर्षाची डाळ वावरातूनच यायला हवी.

"गाडीतले लोक जेवू घालून राहिले का तुमाले? मले घरची तूर पाहिजे."

शेवटी तह झाला. रुळाकडचं अर्धं माझं, मागचं तिचं. तिनं कपाशीत मधूनमधून तुरीची ओळ टोबली. माझ्या कपाशीमागं लपलं ते बरं झालं, असं मी मनात म्हटलं.

श्रावणापर्यंत मी डब्यात राजा होतो. मग पाऊस गायब झाला आणि कपाशीची पाती-फुलं गळाली. परत आला तो बोंडं फुटायच्या वेळी, आणि उरलीसुरली सडवून गेला. तिच्याकडचीही कपाशी गेली. मी डब्यात पलीकडच्या खिडकीशी बसू लागलो. कोणी विचारलं तर सांगायचो, इकडं ऊन लागत नाही.

थंडीत एका सकाळी सिग्नल मिळाला नाही म्हणून गाडी थांबली. नेमकी वावरासमोर. इतकी वर्षं ज्यासाठी झुरलो, ते असं पदरात पडलं. पुढं माझ्या कपाशीच्या काळ्या पडलेल्या पऱ्हाट्या, आणि त्यांच्या डोक्यावरून दिसणारी, शेंगांनी लगडलेली तूर.

"काय तूर आली हो सर! मागचं वावर कोणाचं आहे?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"बायकोचं."

"अन् हे पुढचं?"

त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळा डबा माझ्याकडं पाहत होता. मला लाज वाटली, बायकोचा हेवाही वाटला. गाडी काही हलायचं नाव घेईना.

"हे आपलं," मी म्हणालो. हात मात्र खिशातच ठेवला.